पाश्चरची घाई

गेल्या चैत्रातली गोष्ट. माझा भाचा मुरबाडहून शहापूरला आमच्या घरी आला, तो मोटारसायकलला एक पोलादी पिंप बांधूनच. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत तो नोकरी करतो. हात कसबी, स्वभाव चौकस. पिंपाला घट्ट झाकण, झाकणावर दाब दाखवणारा काटा आणि ठरलेल्या दाबापलीकडचा वायू आपोआप सोडून देणारी झडप. अशा पिंपात लागर बिअर आठवड्याभरात आंबते, असे त्याच्या वाचनात आले होते. एरवी जिला महिना-दीड महिना लागतो ती इतक्या लवकर कशी होते, एवढे मामाने समजावून सांगावे, अशी त्याची मागणी. मामाने तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, त्याची ही वसुली!

मी आधी त्याला कायदा सांगितला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. पिंप पडवीत ठेवून तो हिरमुसला. पण प्रश्न काही गुन्हा नव्हता. तेव्हा उत्तर द्यायला बसलो आणि उत्तर देता देता लुई पाश्चरपाशी जाऊन पोहोचलो.

पाश्चर म्हटले की आपल्याला आठवते ते पिसाळलेले कुत्रे. माझ्या पिढीतल्या खेड्यांतल्या मुलांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने आठवतात. मी स्वतः ती घेतली आहेत, आणि पाश्चर हे नाव मी प्रथम ऐकले ते तेव्हाच. दुधाच्या पिशवीवरही हे नाव असते. पण या माणसाने आयुष्यातली उमेदीची पाच वर्षे बिअरवर घालवली, आणि तीही चवीसाठी नव्हे, सूड म्हणून, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

चामड्याच्या कारखानदाराचा मुलगा

पूर्व फ्रान्समधल्या डोल गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुईचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या फौजेतून परतलेले, कातडी कमावण्याचा धंदा करणारे. बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात गेले. मुलगा शाळेत फार चमकणारा नव्हता. चित्रे मात्र सुरेख काढायचा. आईवडिलांची त्याने काढलेली चित्रे आजही पाहायला मिळतात. पाहण्याची ही सवयच पुढे त्याच्या कामी आली. १८४८ साली, पंचविशीत, त्याने टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यांत डावे-उजवे असे दोन प्रकार असल्याचे ओळखले. दुसऱ्याच वर्षी स्ट्रासबुर्ग येथे मारी लोराँ हिच्याशी त्याचे लग्न झाले. संसार सांभाळून ती रात्री नवऱ्याची टिपणे उतरवून घेई.

१८५४ मध्ये तो लील या उद्योगनगरीत प्राध्यापक म्हणून गेला. तिथे बीटापासून मद्यार्क काढणारे बिगो नावाचे कारखानदार १८५६ साली त्याच्याकडे तक्रार घेऊन आले. काही पिंपांतला रस नीट आंबतो, काहींत आंबट होऊन वाया जातो. पाश्चरने दोन्ही रस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या रसात यीस्टचे गोल कण होते, नासलेल्यात त्यांच्या जोडीला बारीक काडीसारखे जीव वळवळत होते.

त्या काळी लीबिगसारखे मातब्बर जर्मन रसायनशास्त्रज्ञ आंबणे ही निव्वळ कुजण्याची रासायनिक क्रिया मानत. पाश्चरने सांगितले की, आंबवणारा हा एक जिवंत प्राणी आहे. प्रत्येक आंबण्याचा जीव वेगळा, आणि नासण्याचाही. आपल्या आया-आज्या इडलीचे पीठ रात्रभर झाकून ठेवत, विरजणाचा चमचा जपून ठेवत, त्यामागचे कारण या माणसाने कागदावर मांडले.

यशाबरोबर घरात मृत्यूही येत होता. १८५९ मध्ये थोरली मुलगी झान विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये वडील आणि दोन वर्षांची कामीय, १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील. पाच मुलांपैकी तीन मुली गेल्या. ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. पाश्चरच्या पुढच्या साऱ्या धडपडीत जी घाई दिसते तिचे मूळ इथे असावे, असे मला वाटते. आपल्याजवळ वेळ थोडा आहे, हे या माणसाला फार लवकर कळले होते.

सुडाची बिअर

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. फ्रान्सची दाणादाण उडाली. पाश्चरचा एकुलता मुलगा आघाडीवर होता. जानेवारी १८७१ मध्ये बर्फातून माघार घेणाऱ्या, थकल्याभागल्या फौजेत हा अर्धांगाने अधू बाप पत्नीला घेऊन मुलाला शोधत फिरला. मुलगा सापडला, जिवंत सापडला. पण पराभवाची जखम राहिली. बॉन विद्यापीठाने पूर्वी दिलेली सन्माननीय पदवी त्याने त्याच महिन्यात परत पाठवून दिली.

आणि मग त्याने ठरवले की, बिअरच्या धंद्यात जर्मनीला हरवायचे. जर्मन लागरचा युरोपभर बोलबाला होता. फ्रेंच बिअर तिच्यापुढे फिकी पडे. आपल्या पद्धतीने होणाऱ्या बिअरला राष्ट्रीय सुडाची बिअर म्हणावे, अशी त्याची इच्छा होती. गंमत म्हणजे पाश्चरला स्वतःला बिअर आवडत नसे, आणि दोन बिअरमधला फरकही त्याला जिभेवर कळत नसे. बेर्तां नावाचा त्याचा मित्र मात्र जाणकार. तो यावरून त्याची भरपूर थट्टा करी.

१८७१ च्या वसंतात क्लेरमाँ-फेराँ येथे आपला शिष्य द्यूक्लो याच्या प्रयोगशाळेत त्याने काम सुरू केले. जवळच्या शामालिएर गावातली एक छोटी भट्टी अभ्यासाला घेतली. जूनच्या अखेरीस पेटंटही घेतले! कामाला हात घालून जेमतेम काही महिने झाले होते. सप्टेंबरात तो लंडनला गेला आणि व्हिटब्रेडच्या प्रचंड कारखान्यात त्यांच्या यीस्टचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातले नासवणारे जीव त्याने मालकांना दाखवले. आठवड्याभरात कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड रस हॉप्सच्या कडवट फुलांबरोबर उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि मागे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. लागरचे यीस्ट थंडीला सरावलेले. ८ ते १३ अंश सेल्सिअसला ते सावकाश आणि स्वच्छ काम करते. मग ती बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवायची. म्हणूनच तिला कोठाराचा जर्मन शब्द चिकटला. आमच्या भागात एवढी थंडी पौषात, म्हशाच्या यात्रेत लोक घोंगड्या घेतात तेव्हा, चार-दोन रात्री पडते. चैत्रात मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो. जर्मनांना हिवाळ्यात बर्फ साठवून ठेवावे लागे, आणि बर्फाला पैसा लागे.

पाश्चरने विचारले, ही थंडी नेमके काय करते? त्याचे उत्तर असे की, थंडीत नासवणारे जीव वाढत नाहीत. मग ते जीव भांड्यात शिरूच दिले नाहीत तर? रस बंद भांड्यात थंड करायचा, बाहेरची हवा गाळल्याशिवाय आत घ्यायची नाही, यीस्ट शुद्ध करून वापरायचे, म्हणजे बर्फाची गरज कमी होईल. १८७६ साली त्याचा बिअरवरील ग्रंथ आला, त्यात हे सारे आहे. बंद भांड्याची कल्पना अचूक होती. यीस्ट शुद्ध करण्याच्या पद्धतीत मात्र एक चूक राहून गेली.

हान्सनचा संयम

ही चूक सापडली डेन्मार्कमध्ये. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याचे मालक याकोबसेन पाश्चरचे भक्त. त्यांनी त्याचा पुतळा करवून घेतला होता आणि कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली होती. तिथे एमिल ख्रिस्तियन हान्सन काम करीत असे. हा गरिबीतून वर आलेला, तरुणपणी घरे रंगवणारा माणूस. कार्ल्सबर्गची बिअर मध्येच बिघडू लागली. पाश्चरच्या मते दोषी असायला हवे होते जिवाणू. हान्सनने चिकाटीने शोध घेतला, तर दोषी निघाले यीस्टच. चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेले रानटी यीस्ट! पाश्चरच्या शुद्धीकरणातून जिवाणू जात, पण हे भाऊबंद तसेच राहत. हान्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून सारी पैदास वाढवली. १८८३ च्या नोव्हेंबरात हे शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरले गेले. याकोबसेन यांनी ते लपवून ठेवले नाही. इतर कारखान्यांनाही देऊ केले. त्यात जर्मनही आले.

असा हा सूड संपला. फ्रान्सची बिअर जर्मनीला मागे टाकू शकली नाही. पाश्चरच्या ज्ञानाचा लाभ सगळ्यांबरोबर जर्मनांनाही झाला.

पण पाश्चरची ती पाच वर्षे वाया गेली असे म्हणणारा मी नव्हे. बिअरला रोग होतो तो बाहेरून शिरलेल्या जिवामुळे, हे बघता बघता माणसाच्या रोगांचेही तसेच असेल, ही खात्री त्याच्या मनात पक्की झाली. ग्रंथ आल्यानंतर वर्षभरात तो जनावरांच्या काळपुळीकडे वळला. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा त्याच्या दारात आला. हा मुलगा अल्सासचा, म्हणजे त्याच युद्धात जर्मनीने हिरावून घेतलेल्या प्रांतातला. लस माणसावर कधी नीट आजमावलेली नव्हती. थांबावे तर पोर मरणार. अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या आणि मुलगा वाचला. इथली घाई परिस्थितीने लादलेली होती, आणि तिच्यामागे कुत्र्यांवर, सशांवर केलेले काही वर्षांचे काम होते. पेटंटाच्या घाईपेक्षा ही घाई वेगळी. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारला. त्याच वर्षी जर्मनीने देऊ केलेला सन्मान त्याने नाकारला होता. मनातला सल शेवटपर्यंत गेला नाही.

बाटली आणि भट्टी

पाश्चरच्या घाईवर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षीचा एप्रिल महिना. तास संपायच्या आत वायू दिसावा म्हणून मी काचेच्या बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून ती उन्हात ठेवली, वर बूच दाबून बसवले आणि लवकर व्हावे म्हणून हलवलीही. बाटली फुटली. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या भुवईला काच लागली. डोळा थोडक्यात वाचला. ती आता आजी झाली आहे. भेटली की हसून बोलते. माझी नजर मात्र तिच्या भुवईवरच्या व्रणाकडे जाते.

म्हणून भाच्याला मी पिंपातली झडप आधी दाखवली, मग काटा. उबेत यीस्ट भराभर काम करते, पण बिअरला फळांसारखे भलते वास येतात आणि जड मद्यार्क वाढतो. पिंप बंद ठेवले की यीस्टने सोडलेला वायूच आत साठून दाब चढवतो. साधारण एका वातावरणाएवढा जादा दाब धरला, तर विरघळलेला वायू यीस्टची वाढ आवरतो आणि ते वास कमी होतात. मग १८-२० अंशांनाही लागरसारखी लागर आठवड्याभरात आंबते, वायूही आपसूक त्यातच मुरतो. म्हणजे यीस्टला पळवायचे नसते. त्याला पळू द्यायचे आणि वर वजन ठेवायचे. पाश्चरचे बंद भांडे, हान्सनची एक पेशी आणि त्यानंतर कित्येकांचे काम, मिळून शंभरावर वर्षे, या एका आठवड्यात जमा आहेत.

दुसरी घाई आमच्या घराने पाहिली आहे. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला आणि आमच्या पाड्यापाड्यांवर पूर्वापार होणारी मोहाची दारू चोरटी ठरली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. आंबवणे थांबले नाही. ते ओढ्याकाठी, झुडपांत गेले. चोरून करायचे म्हणजे झटपट उरकायचे. मग नवसागर आला, काळा गूळ आला. पुढे शहराच्या कडेला आंबवण्याचीही गरज उरली नाही. कारखान्यातले मिथेनॉल पाण्यात मिसळले की दारू तयार! २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसे मारली. माझा धाकटा काका अशाच कुठल्याशा भट्टीवर पिऊन गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. भाच्याच्या आईचाही तो काकाच. म्हणून पिंप पाहिल्यावर ती माजघरातून बाहेर आलीच नाही.

भाच्याने पिंप परत नेले नाही. परवा शेजारची शाळकरी मुले आली, तेव्हा आम्ही दोघांनी त्यात पावाचे यीस्ट आणि साखरपाणी घालून झाकण लावले. काटा हलायला बराच वेळ लागला. मुले कंटाळली. एकाने पिंप हलवून पाहू का, म्हणून विचारले. मी हलवू दिले नाही.