ना. म. जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे आद्य नेते व मुंबईतील सोशल सर्व्हिस लीग या संस्थेचे संस्थापक होते. स्वयंसेवकांच्या बळावर प्रौढ कामगारांच्या शिक्षणाचे काम उभारणाऱ्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते.

जीवन

जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. माणगाव तालुक्यातील हे गाव श्रीवर्धनच्या किनारपट्टीमागील मुलखात आहे. कोकणातील अपुऱ्या शेतीमुळे असंख्य लोक रोजगारासाठी मुंबईस जात. तेथील कापड गिरण्यांत कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील कामगारांचा मोठा भरणा होता. जोशी यांनी पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल व डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेतले. १९०१ साली पदवीधर झाल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले.

सोशल सर्व्हिस लीग

१९११ मध्ये जोशी यांनी मुंबईत लीगची स्थापना केली. स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन लीगने गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये व फिरती ग्रंथालये चालविली, तसेच कर्जबाजारी कामगारांसाठी सहकारी पतसंस्था काढल्या. साक्षरतेच्या जोडीला कौशल्यशिक्षण असावे म्हणून परळ येथे गिरणी कामगारांसाठी वस्त्रोद्योगाचे तंत्रशिक्षणही सुरू झाले.

कामगार चळवळ

१९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाचा कामाचा दिवस १२ तासांचा ठरला होता. एवढ्या श्रमानंतर वर्गात बसणे कठीण होते. त्यामुळे कामगाराच्या शिक्षणाचा प्रश्न कामाच्या तासांशी निगडित होता. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. त्या परिषदेत भारतासाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा मान्य झाली व १९२२ च्या कारखाना कायद्यात ती समाविष्ट करण्यात आली.

१९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. १९२६ मध्ये त्यांनी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन केली. १९२९ मध्ये मतभेदांमुळे ते ट्रेड युनियन काँग्रेसमधून बाहेर पडले. एकीकरणानंतर १९४० ते १९४८ या काळात ते पुन्हा तिचे सरचिटणीस होते.

स्मृती

मुंबईतील पूर्वीच्या डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे.