दीन महंमद

शेख दीन महंमद (जन्म : पाटणा, इ.स. १७५९, मृत्यू : ब्रायटन, इंग्लंड, २४ फेब्रुवारी, इ.स. १८५१) हे प्रवासवर्णनकार आणि व्यावसायिक होते. इंग्रजी भाषेत पुस्तक लिहून प्रसिद्ध करणारे पहिले भारतीय लेखक म्हणून ते ओळखले जातात. त्यांचे 'द ट्रॅव्हल्स ऑफ दीन महोमेत' हे पुस्तक इ.स. १७९४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क या शहरात प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये भारतीय मालकीचे पहिले भारतीय उपाहारगृह त्यांनी सुरू केले. पुढे ब्रायटन येथे औषधी वाफारा आणि चंपी यांचा उपचार त्यांनी लोकप्रिय केला.

प्रारंभिक जीवन

दीन महंमद यांचा जन्म पाटणा येथील एका मुस्लिम कुटुंबात झाला. मुर्शिदाबादच्या नबाबांच्या घराण्याशी आपल्या कुटुंबाचे नाते असल्याचे ते सांगत. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होते. इ.स. १७६९ च्या सुमारास ते लढाईत मारले गेले, तेव्हा दीन महंमद दहा-अकरा वर्षांचे होते. त्यानंतर लवकरच गॉडफ्रे इव्हान बेकर या तरुण अँग्लो-आयरिश अधिकाऱ्याशी त्यांची ओळख झाली आणि आईच्या इच्छेविरुद्ध ते त्याच्याबरोबर लष्कराच्या तळावर राहू लागले.

सैन्याबरोबर गंगेच्या खोऱ्यात त्यांनी दीर्घकाळ प्रवास केला. इ.स. १७८१ मध्ये ते जमादार झाले व नंतर सुभेदारपदापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी बनारसचा राजा चेतसिंह याच्याविरुद्ध झालेल्या मोहिमेत त्यांची पलटण होती. इ.स. १७८२ मध्ये बेकर यांनी सैन्याचा राजीनामा दिला, तेव्हा दीन महंमद यांनीही नोकरी सोडली. इ.स. १७८४ मध्ये दोघे कलकत्त्याहून जहाजाने निघाले आणि इंग्लंडमार्गे बेकर यांच्या मूळ गावी, कॉर्क येथे, पोहोचले.

आयर्लंडमधील वास्तव्य आणि इंग्रजीचे शिक्षण

कॉर्क येथे आले तेव्हा दीन महंमद पंचवीस वर्षांचे होते. छावणीत वावरताना इंग्रजी कानावर पडणे वेगळे आणि त्या भाषेत शिष्टसंमत गद्य लिहिणे वेगळे. हे दुसरे कौशल्य त्यांनी कॉर्क येथील एका शाळेत जाऊन मिळवले. भारतात शासनाच्या पाठबळाने इंग्रजी शिक्षण देण्याचे धोरण ज्या मेकॉलेच्या टिपणाशी जोडले जाते, ते इ.स. १८३५ मधील आहे. म्हणजे त्याच्या सुमारे अर्धशतक आधी दीन महंमद इंग्रजी लेखनाचे धडे घेत होते.

शिक्षण घेत असताना जेन डॅली या आयरिश तरुणीशी त्यांचा परिचय झाला. घरच्यांचा विरोध असल्याने इ.स. १७८६ मध्ये दोघांनी पळून जाऊन विवाह केला. दीन महंमद यांनी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ स्वीकारला. त्याच वर्षी बेकर यांचे निधन झाले. तरीही दीन महंमद यांनी पुढील सुमारे दोन दशके कॉर्क येथेच वास्तव्य केले. इ.स. १७९९ मध्ये युरोपच्या प्रवासावर असलेले लखनौचे मिर्झा अबू तालिब खान यांची त्यांच्याशी तेथे भेट झाली. या भेटीची नोंद अबू तालिब यांच्या फारसी प्रवासवर्णनात आहे.

प्रवासवर्णन

इ.स. १७९३ मध्ये दीन महंमद यांनी वृत्तपत्रांतून आपल्या नियोजित पुस्तकाची घोषणा केली आणि वर्गणीदार मिळवले. ३२० जणांनी आगाऊ नावे नोंदवली. त्यांत आयर्लंडमधील अनेक प्रतिष्ठित कुटुंबे होती. पुढील वर्षी पुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध झाले. एका काल्पनिक मित्राला लिहिलेल्या ३८ पत्रांच्या रूपात त्याची रचना आहे. पत्ररूपाने प्रवास सांगण्याची ही रीत अठराव्या शतकातील इंग्रजी वाङ्मयात रूढ होती.

पुस्तकाच्या आरंभीच लेखकाला एक मूलभूत अडचण सोडवावी लागली. कॉर्कच्या वाचकाला पाटणा कोठे आहे हे कसे सांगावे, ही ती अडचण होती. दीन महंमद यांनी आपले जन्मस्थान तीन खुणांनी निश्चित केले. पाटणा हे गंगेकाठचे प्रसिद्ध शहर आहे, ते कलकत्त्यापासून सुमारे ४०० मैलांवर आहे आणि कलकत्ता ही बंगालची राजधानी व इंग्रजी सत्तेचे केंद्र आहे, असा तो क्रम होता. पाटण्यात वाढलेल्या माणसाला आपले गाव कलकत्त्यावरून मोजण्याची गरज नव्हती. पाटणा हे कलकत्त्याहून कितीतरी प्राचीन नगर होते. परंतु आयरिश वाचकाच्या मनातील नकाशा कलकत्त्यापासून सुरू होत असे. कंपनीच्या सेवेतून परतणारे लोक, तेथून येणारी पत्रे आणि माल यांमुळे ते नाव त्याच्या परिचयाचे होते. जेम्स रेनेल यांनी तयार केलेला हिंदुस्तानचा नकाशाही इ.स. १७८२ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

हीच पद्धत पुढील पत्रांत दिसते. मुंगेर, भागलपूर, राजमहाल, मुर्शिदाबाद, अलाहाबाद, लखनौ, दिल्ली, ढाका अशा स्थळांची वर्णने सैन्याच्या कूचमार्गाच्या अनुषंगाने येतात. नद्या, अंतरे, पिके, बाजार आणि इमारती यांच्या साहाय्याने वाचकाला त्या स्थळाची कल्पना दिली जाते. मुस्लिम समाजातील सुंता, विवाह व अंत्यविधी, पालखी, हुक्का, विड्याचे पान आणि नबाबाची मिरवणूक यांचीही माहिती पुस्तकात आहे. भारताविषयी इंग्रजीत लिहिणारे तोपर्यंतचे बहुतेक लेखक हे रीतिरिवाज बाहेरून पाहणारे होते; दीन महंमद हे त्या समाजात जन्मलेले होते.

तथापि, पुस्तकाच्या या वैशिष्ट्याला मर्यादा आहेत. काही ठिकाणी दीन महंमद यांनी जेमायमा किंडर्सली आणि जॉन हेन्री ग्रोस या युरोपीय प्रवाशांच्या ग्रंथांतील मजकूर जवळजवळ जसाच्या तसा वापरला आहे. उसना मजकूर घेण्याची प्रथा त्या काळच्या प्रवासवर्णनांत सर्रास आढळते. परंतु येथे तिचा अर्थ वेगळा होतो, कारण स्वतःच्या देशाचे वर्णन करताना लेखकाने त्या देशाला परक्या असलेल्या प्रवाशांची वाक्ये घेतली आहेत. इंग्रजीत भारताचे वर्णन करण्यासाठी जी भाषा उपलब्ध होती, ती त्यांनी घडवलेली होती. याशिवाय कंपनीच्या सैन्याचा उल्लेख ते आपले सैन्य म्हणून करतात. त्यामुळे लेखकाची भूमिका कधी भारतीयाची, तर कधी कंपनीच्या शिपायाची राहते. असे असले तरी भारतीय लोकांविषयी आदर निर्माण करण्याचा त्यांचा प्रयत्न पुस्तकभर दिसतो आणि युरोपीय प्रवाशांच्या ग्रंथांपासून तो त्यांना वेगळा ठरवतो.

लंडन येथील उपाहारगृह

इ.स. १८०७ च्या सुमारास दीन महंमद लंडनला गेले. भारतात संपत्ती मिळवून परतलेल्या बेसिल कॉक्रेन यांच्या पोर्टमन चौकातील वाफारा-स्नानगृहात त्यांनी काम केले. इ.स. १८१० मध्ये जवळच जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' उघडले. तेथे भारतीय पद्धतीचे पदार्थ व हुक्का मिळत असे आणि बसण्यासाठी वेताच्या खुर्च्या होत्या. भारतात राहून परतलेले इंग्रज हे त्याचे अपेक्षित ग्राहक होते. मात्र हा व्यवसाय खर्चाच्या मानाने चालला नाही आणि इ.स. १८१२ मध्ये दीन महंमद यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

ब्रायटन येथील कार्य

इ.स. १८१४ मध्ये ते समुद्रकिनाऱ्यावरील ब्रायटन या शहरात स्थायिक झाले. औषधी वनस्पतींचा वाफारा घेऊन नंतर अंग रगडून घेण्याचा उपचार त्यांनी तेथे सुरू केला. चंपी, चांपणे या शब्दांशी नाते असलेला 'शॅम्पू' हा शब्द त्या वेळी इंग्रजीत अंगमर्दनासाठी वापरला जाई. केस धुण्याचा अर्थ त्याला पुढे प्राप्त झाला. संधिवात व सांधेदुखीचे रुग्ण मोठ्या संख्येने त्यांच्याकडे येऊ लागले. राजे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम यांनी त्यांची शाही 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून नेमणूक केली.

इ.स. १८२२ मध्ये त्यांनी या उपचारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आपले जन्मवर्ष १७४९ असे दिले आणि सैन्यात येण्यापूर्वी वैद्यकाचे शिक्षण घेतल्याचे सांगितले. पहिल्या पुस्तकातील माहितीशी हे जुळत नाही. वाढवलेल्या दहा वर्षांत वैद्यकीय शिक्षणाला जागा मिळत होती.

मृत्यू आणि स्मृती

दीन महंमद यांचे इ.स. १८५१ मध्ये ब्रायटन येथे निधन झाले. तेथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. थडग्यावरील लेखात त्यांच्या नावापुढे पाटणा, हिंदुस्तान असा निर्देश आहे. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महंमद (१८४९–१८८४) हे उच्च रक्तदाबावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉक्टर होते.

मृत्यूनंतर दीन महंमद यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस इतिहासकार मायकेल फिशर यांनी त्यांच्या जीवनावर संशोधन केले आणि प्रवासवर्णनाची नवी आवृत्ती संपादित केली. इ.स. २००५ मध्ये लंडनमधील जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या उपाहारगृहाचा स्मृतिफलक बसवण्यात आला.