गल्ला आणि वाटाण्याचा अंकुर

सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेअर' हा जपानी चित्रपट भारतात लागला. आमच्या भडगावची चार पोरे खास जळगाव गाठून तो पाहून आली. हाताने काढलेल्या चित्रांच्या सिनेमाला एवढी तिकिटे खपतात, याचे वडीलधाऱ्यांना भारी नवल वाटले. मला मात्र दादासाहेब फाळके आठवले. जपानात असले चित्रपट पडद्यावर येऊ लागले ते १९१७ साली. त्याच्याही दोन वर्षे आधी, १९१५ च्या सुमारास, फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या कणाकणाने सरकवून, एकेक छबी टिपून 'आगकाड्यांची मौज' केली होती!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. म्हणजे आपल्या खानदेशाच्या शेजारचेच. वडील संस्कृतचे पंडित. मुलाने मात्र मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला आणि बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. गोध्र्याला फोटोचे दुकान, पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्याला छापखाना. धंदे झाले पुष्कळ, जम कशातच बसला नाही. पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला, आणि आपले रामकृष्ण असे पडद्यावर केव्हा येतील, हा ध्यास घेतला. रात्रंदिवस सिनेमाचा अभ्यास करून डोळे काही काळ गेले होते, तरी माघार नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले.

पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिनाभर रोज थोड्या थोड्या छब्या घेतल्या. पडद्यावर बी फुटून वेल सरसर वर चढताना पाहिली आणि सावकाराची गाठ सुटली. कापसाच्या बीकडे चार महिने पाहत बसणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातली मी. मला ही युक्ती फार भावली.

सरस्वतीबाईंचे नाव येथे घेतलेच पाहिजे. दागिने त्यांनी दिलेच, शिवाय अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडली आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. पुस्तकांत त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहातले आचारी अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. चित्रपट सर्वत्र लगेच चालला असे मात्र नव्हे. सुरतेला पहिल्या खेळाला तीन रुपये जमल्याचे सांगतात. दादासाहेब खचले नाहीत. तीन आण्यांत दोन मैल लांबीचे चित्र पाहा, अशा अर्थाची जाहिरात त्यांनी केली, आणि माणसे लोटली. कलावंताला तिकीटबारीची लाज वाटावी असे आपल्याकडे मानतात. त्यांना ती कधी वाटली नाही.

१९१७ चे 'लंकादहन' म्हणजे तर कळसच. राम आणि सीता, दोन्ही अण्णा साळुंकेच! मारुतीची पेटती शेपटी पाहायला सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ होत. मद्रासेत गल्ल्याची नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली म्हणतात.

गल्ला दिसला तसे भागीदार आले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तिच्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लेक मंदाकिनी बालकृष्ण झाली. पण पैसा घालणाऱ्याला खर्चाचा हिशेब हवा आणि दादासाहेबांना चित्र मनासारखे हवे. मतभेद विकोपाला गेले. ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे नाटक लिहिले, पुन्हा परतले. पुढे बोलपट आला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट कोल्हापूरला झाला.

आगकाड्यांच्या त्या खेळासाठी वेगळे तिकीट कधी लागले नसावे. मोठ्या चित्राच्या आगेमागे असल्या छोट्या फिती दाखवीत. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. बैलगाड्या भरून गेलेल्या त्या नाण्यांतले त्यांच्या हाती तेव्हा फारसे काही उरले नव्हते.