विश्लेषण : दोनच वेळा जेवण, ५५ मिनिटे आणि इन्सुलिन... डॉ. श्रीकांत जिचकर यांचा आहारविचार कीटो डाएटच्या किती जवळ? वजन घटताना स्नायूंचे काय होते?

वजन कमी करायचे म्हटले की मोबाइलवर पहिला सल्ला येतो तो कीटो डाएटचा. पोळी, भात, भाकरी बंद. तूप, पनीर, अंडी सुरू. मात्र इन्सुलिन हा शब्द मराठवाडा-विदर्भातल्या घराघरात पोहोचला तो कीटोमुळे नव्हे. त्यामागे नागपूरचे एक राजकारणी होते, ज्यांना जाऊन दोन दशके उलटली आहेत. लग्नाच्या पंगतीत पाहुण्याने ताट नाकारले आणि आपण दीक्षित डाएटवर असल्याचे सांगितले, तर त्या नाकारण्याचे मूळ डॉ. श्रीकांत जिचकर यांच्यापर्यंत जाते.

कोण होते डॉ. जिचकर?

१४ सप्टेंबर १९५४ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोलजवळच्या आजनगाव येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपुरात ते एमबीबीएस आणि एमडी झाले. एवढ्यावर बहुतेकांचे शिक्षण थांबते. जिचकरांचे तिथून पुढे खरे सुरू झाले. एलएलबी, एलएलएम, एमबीए, पत्रकारितेची पदवी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र अशा विषयांत एमए आणि संस्कृतमध्ये डी.लिट. १९७३ ते १९९० या काळात त्यांनी विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्याचे सांगितले जाते. पदव्यांची संख्या २० च्या घरात आहे. देशातील सर्वाधिक शिकलेली व्यक्ती म्हणून लिम्का बुकने त्यांची नोंद घेतली.

१९७८ मध्ये ते आयपीएस झाले आणि राजीनामा दिला. १९८० मध्ये आयएएस झाले आणि चार महिन्यांत तीही नोकरी सोडली, कारण विधानसभा लढवायची होती. काटोलमधून ते पंचविशीतच आमदार झाले. पुढे राज्यमंत्री म्हणून त्यांच्याकडे तब्बल १४ खाती होती. विधान परिषद आणि १९९२ ते १९९८ राज्यसभा असा प्रवास झाला. नागपुरात त्यांनी सांदीपनी शाळा सुरू केली. १९९७ मध्ये रामटेकला कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ उभे राहिले, त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. घरातल्या ग्रंथालयात ५० हजारांहून अधिक पुस्तके होती.

स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत आजही जिचकरांच्या पदव्यांचेच दाखले दिले जातात. लोकांच्या रोजच्या जगण्यावर मात्र त्या पदव्यांपेक्षा त्यांच्या आहारावरील एका व्याख्यानाचा परिणाम जास्त झाला.

त्या व्याख्यानात काय होते?

मांडणी साधी होती. माणूस काहीही खातो तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत ढकलते आणि सोबतच चरबी साठवायला सांगते. जोवर इन्सुलिन जास्त, तोवर साठलेली चरबी बाहेर पडत नाही. त्यामुळे किती खाल्ले याच्याइतकेच किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे. यावर त्यांनी उपाय सांगितला तो असा : स्वतःच्या खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळी जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि मधल्या काळात इन्सुलिन वाढवणारे काहीही तोंडात टाकू नका.

आता हे गणित पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात मांडून पाहू. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचे हे गाव हिरव्या मिरचीच्या खरेदी-विक्रीसाठी ओळखले जाते. अशा कोणत्याही बाजारात सौदा चहाशिवाय होत नाही. एका कपात दोन चमचे साखर धरली तर ८ ते १० ग्रॅम कर्बोदके होतात. पाच कप चहा म्हणजे ४० ते ५० ग्रॅम, तीही दिवसभर थोडी थोडी, दर दोन तासांनी. जिचकरांचा रोख नेमका या सवयीवर होता. चहा बंद करण्यासाठी पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. हा विचार खेडोपाडी का पसरला, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

कीटोशी नाते काय?

दोघांचा शत्रू एकच : सतत वर राहणारे इन्सुलिन. कीटो ताट बदलून त्याच्याशी लढतो, जिचकरांनी घड्याळ वापरले.

कीटोचा जन्म वजन घटवण्यासाठी झालेला नाही. उपवासात अपस्माराचे झटके कमी होतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण मुलांना कायम उपाशी ठेवता येत नाही. म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी उपवासाची नक्कल करणारा आहार सुचवला : स्निग्ध पदार्थ भरपूर, कर्बोदके जवळपास नाहीत. कर्बोदके कमी करून वजन घटवण्याची परंपरा वेगळी आणि आणखी जुनी आहे. लंडनचे विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका छापली होती. १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी तीच वाट लोकप्रिय केली. १९९१ मध्ये रेचल आणि रिचर्ड हेलर या अमेरिकी दाम्पत्याने दिवसातले एक मनसोक्त जेवण एका तासात संपवण्याचा नियम सांगितला, तोही इन्सुलिनचाच हवाला देऊन. जिचकरांच्या ५५ मिनिटांशी त्याचे साम्य नजरेत भरते.

फरक मात्र मोठा आहे. कीटोमध्ये दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकेच चालतात. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत अंदाजे ३५ ग्रॅम असतात. म्हणजे दीड भाकरीत दिवसाचा कोटा संपला. ज्या घरात ताट भाकरीभोवती मांडले जाते, तिथे रोज पनीर आणि बदाम आणायचे कुठून? जिचकरांनी भाकरी काढून घेतली नाही, फक्त तिची वेळ ठरवली. त्यामुळे त्यांचा आहार कीटो नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. दोन जेवणांच्या मधल्या लांब अंतरात शरीर थोडे कीटोन तयार करते खरे, पण भाकरी-भात खाणारा माणूस कीटो डाएटवाला होत नाही.

पहिल्या आठवड्यात वजन झपकन का उतरते?

यकृतात सुमारे १०० आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी ही सोय आहे. बाहेरून पुरवठा थांबला की आधी ती वापरली जाते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा रिकामा झाला की पाणीही जाते. दोन किलो सहज कमी दिसतात आणि माणूस खूश होऊन ग्रुपवर फोटो टाकतो. त्यात चरबी फार थोडी असते. भात सुरू केला की ते दोन किलो परतही येतात.

विज्ञान जिचकरांच्या बाजूने आहे का?

काही अंशी. सतत चरत राहणे थांबले की बहुतेकांचे एकूण खाणे घटते, आणि वजन घटते ते मुख्यतः त्यामुळे. इन्सुलिन कमी केले की चरबी आपोआप वितळते, ही मांडणी मात्र तपासणीत तितकी टिकलेली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या चमूने १७ पुरुषांना संशोधन केंद्रात ठेवून चार आठवडे मोजूनमापून कीटो आहार दिला. त्यांचे इन्सुलिन जवळपास निम्म्यावर आले, पण चरबी घटण्याचा वेग वाढला नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास केला. कमी स्निग्ध खाणाऱ्यांचे सरासरी ५.३ किलो घटले, कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलो. हा फरक नगण्य मानला गेला. कोणाचे इन्सुलिन किती, यावरून कोणाला कोणता आहार लागू पडेल हेही सांगता आले नाही.

५५ मिनिटांचा आकडाही शब्दशः घेण्यासारखा नाही. इन्सुलिनची पहिली लाट जेमतेम १० मिनिटांची असते. दुसरी लाट रक्तात साखर असेपर्यंत चालते. स्वादुपिंडात असे अलार्म लावलेले घड्याळ नसते. नियम म्हणून तो उपयोगी आहे, कारण तो पाळायला सोपा आहे.

जिचकरांनंतर काय झाले?

या अभ्यासांच्या वेळी जिचकर नव्हते. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत रामटेकमधून ते थोडक्यात हरले. मे महिन्यात निकाल लागला आणि २ जून रोजी कोंढाळीजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय होते ४९. त्यांच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण मागे राहिले आणि हातोहाती फिरत राहिले.

ते लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यापर्यंत पोहोचले. २०१२ च्या सुमारास त्यांनी स्वतःवर प्रयोग करून सुमारे ८ किलो वजन घटवले आणि मग गावोगावी व्याख्याने दिली. जिचकरांचे श्रेय ते जाहीरपणे देतात. त्यांच्या पद्धतीत आधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासायचे असते, जेवणात मोड आलेली कडधान्ये किंवा अंडी घ्यायची असतात आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे सरकताना यातले दोनच आकडे उरले, दोन आणि ५५. प्रथिने गळाली, चालणेही गळाले.

मग स्नायूंचा प्रश्न कुठून आला?

वजनकाटा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. आहारातून ते मिळाले नाही, तर यकृत प्रथिनांचे घटक वापरून ते बनवते, आणि शरीरातला प्रथिनांचा मोठा साठा म्हणजे स्नायू. काही दिवसांत कीटोन मेंदूची बरीच गरज भागवू लागतात आणि स्नायूंची झीज मंदावते. पण ताटात प्रथिने कमी आणि स्नायूंना ताण देणारे काम नाही, अशी जोडी जमली तर झीज सुरूच राहते.

२०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवडे एक चाचणी झाली. एका गटाने रोज फक्त आठ तासांच्या आतच खायचे होते. त्यातील ज्यांची केंद्रात नेऊन तपासणी झाली, त्यांचे सरासरी १.७ किलो वजन घटले; पण त्यातील जवळपास ६५ टक्के घट चरबीची नव्हती, तर स्नायूंसह चरबीविरहित भागाची होती. दोनच वेळा जेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

भारतीयांसाठी हे जास्त गंभीर आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, योगायोगाने जिचकर गेले त्याच २००४ साली. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी ठेवण आहे. अशा शरीरातून पाच किलो उतरले आणि त्यात दोन-तीन किलो स्नायू असले, तर पँट सैल होईल, पण फायदा किती होईल? जेवणानंतर रक्तातील साखर मोठ्या प्रमाणात शोषून घेणारा अवयव स्नायूच आहे. तो घटला तर मधुमेहाविरुद्धची लढाई कमकुवत होते.

ताटात किती प्रथिने हवीत?

आयसीएमआरच्या शिफारशीनुसार शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वजन घटवताना याहून थोडी जास्त लागतात. दोन ज्वारीच्या भाकरी (१० ग्रॅम), वाटीभर वरण (६ ग्रॅम), थोडी भाजी असे जेवण दोनदा घेतले तर बेरीज ३५ ग्रॅमच्या आसपास थांबते. ठेचा-भाकरीवर भागवले तर आणखी कमी. दोन अंडी किंवा मूठभर शेंगदाणे, मटकीची उसळ आणि वाटीभर दही यांनी ही तूट भरून निघते. पनीरच हवे असे नाही.

चालण्याने हृदयाला फायदा होतो, पण स्नायू टिकवायला वजन उचलणे, उठाबशा, जोर असे काही आठवड्यातून दोन दिवस तरी लागते. मिरचीच्या गोण्या उचलणाऱ्या हमालाला हे सांगायची गरज नाही. गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याला आहे.

कोणी परस्पर सुरू करू नये?

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लायमिपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून डोस बदलल्याशिवाय जेवण गाळू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. डापाग्लिफ्लोझिन ही गोळी आता स्वस्तात मिळते. ती घेणाऱ्याने कडक कीटो केला, तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि तेव्हा घरी थांबू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेले, गर्भवती आणि स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले यांच्यासाठी कीटो आणि दोन वेळांचा नियम दोन्ही योग्य नाहीत.