खालचा सूर ऐकणारे रामो

गायनवृंदाच्या सरावात आम्हा बहुतेकांचे कान चालीवर, म्हणजे वरच्या सुरावर असतात. खाली काय वाजते ते ऐकायचे राहूनच जाते. आज ज्यांची ओळख करून देत आहोत, त्यांनी संगीतकारांना खालच्या सुरांचा विचार नव्याने करायला लावला.

झाँ-फिलिप रामो यांचा जन्म 1683 साली फ्रान्समधील दिजों शहरी झाला. वडील चर्चचे ऑर्गनवादक. शिक्षण येशूसंघीय फादरांच्या शाळेत झाले, पण ओढ संगीताची. ते स्वतःही ऑर्गनवादक झाले आणि अनेक गावे फिरून 1715 साली पुन्हा क्लेर्मोंच्या महामंदिरात आले. करार 29 वर्षांचा होता. सातव्याच वर्षी त्यांनी पॅरिस गाठले, हा भाग वेगळा!

त्या काळी ऑर्गनवादकासमोर बहुधा फक्त खालची सुरावट व तिच्यासोबत आकडे असत. 6 आला की एक कॉर्ड, 6 व 4 आले की दुसरी. प्रत्येक वेगळी पाठ करायची. 1722 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रामो यांनी मांडले की सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग ही एकाच कॉर्डची रूपे आहेत. मूळ सूर सा. तो वर गेला तरी कॉर्डचे घर बदलत नाही. यालाच आपण इन्व्हर्जन म्हणतो. काही जर्मन संगीतज्ञांच्या हे आधी लक्षात आले होते, पण त्यावर संगीताचे सारे शास्त्र उभारले ते रामो यांनी.

पन्नाशीत, 1733 साली, त्यांचा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला. जुन्या वळणाच्या रसिकांना तो गोंगाट वाटला! 1764 साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले व सेंट युस्ताश चर्चमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.

इन्व्हर्जन कानाने ओळखायला आम्ही एक सोपा सराव करतो. एकाने कॉर्ड वाजवायची, इतरांनी डोळे मिटून सर्वात खालचा सूर गुणगुणायचा. तोच घरचा सूर वाटला तर कॉर्ड मूळ रूपात आहे. खाली ग असेल तर ती हलकी, थोडी अधांतरी वाटते. खाली प असेल तर पुढे सरकायची घाई जाणवते. पुष्कळ गीतांत शेवटच्या आमेनआधी हीच कॉर्ड येते: खालचा प स्थिर राहतो, वरचे सा-ग उतरून नि-रे होतात आणि मग सगळे सा-वर येतात. बेस गाणारे आमच्याकडे नेहमीच कमी. तेवढा प मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवावा.