बोरिस कार्लॉफ : राक्षसाला काळीज देणारा नट

नोव्हेंबर १९३१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'फ्रँकेन्स्टाइन' या चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाची भूमिका करणाऱ्या नटाचे नाव नव्हते. त्या जागी केवळ एक प्रश्नचिन्ह होते. प्रेक्षकांची उत्सुकता वाढविण्यासाठी युनिव्हर्सल या निर्मितीसंस्थेने ही युक्ती योजली होती आणि चित्रपटाच्या अखेरीस ते नाव पडद्यावर येत असे. तथापि, तो नट तेव्हा खरोखरच अनोळखी होता. चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या गृहस्थाने तोवर सुमारे ऐंशी चित्रपटांत लहानसहान कामे केली होती आणि त्यांतील फारच थोडी कोणाच्या स्मरणात राहिली होती. चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे त्यांना आमंत्रणही नव्हते, असे सांगितले जाते. काही आठवड्यांतच बोरिस कार्लॉफ हे नाव जगभर पोहोचले आणि आज जवळजवळ शतक उलटत आले तरी भयपट म्हटल्याबरोबर जे मोजके चेहरे डोळ्यांपुढे उभे राहतात, त्यांत त्यांचा चेहरा अग्रभागी असतो.

कार्लॉफ यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील एडवर्ड जॉन प्रॅट हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारच्या मीठ-महसूल खात्यात नोकरीस होते. आई एलायझा सारा मिलार्ड यांचा जन्म हिंदुस्थानातलाच आणि या उभयतांचा विवाह १८६४ मध्ये सुरत येथे झाला होता. या मातृकुळाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. सयामच्या राजदरबारात शिक्षिका म्हणून राहिलेल्या आणि पुढे 'द किंग अँड आय' या संगीतिकेमुळे जगप्रसिद्ध झालेल्या ॲना लिओनोवेन्स या कार्लॉफ यांच्या आजीच्या सख्ख्या भगिनी. आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचे ॲना आयुष्यभर सांगत राहिल्या. प्रत्यक्षात त्या १८३१ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात जन्मल्या होत्या आणि त्यांचा विवाह पुण्यात झाला होता, ही गोष्ट संशोधकांनी पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उजेडात आणली. या घराण्यात भारतीय रक्ताचा अंश असावा, असे अभ्यासक मानतात. त्या काळच्या इंग्रज समाजात अशी गोष्ट उघडपणे बोलली जात नसे. कार्लॉफ यांचा वर्ण मात्र भावंडांच्या मानाने सावळा होता आणि तो लपविता येण्यासारखा नव्हता.

आई-वडिलांचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. थोरल्या भावंडांनी त्यांना वाढविले. लहानपणी ते तोतरे बोलत. तो दोष त्यांनी प्रयत्नपूर्वक घालविला, परंतु 'स'चा उच्चार किंचित बोबडा राहिला तो कायमचाच. बंधूंपैकी काही जण परदेशी सरकारी सेवेत होते. सर जॉन प्रॅट यांनी चीनमध्ये राजनैतिक अधिकारी म्हणून नाव मिळविले. धाकट्यानेही तीच वाट धरावी या हेतूने त्यांना लंडनच्या किंग्ज कॉलेजात घालण्यात आले. अभ्यासापेक्षा त्यांचा जीव नाटकांत अधिक रमे. अखेर १९०९ मध्ये त्यांनी कॅनडाची बोट गाठली.

पुढची वीस वर्षे हलाखीची होती. कॅनडात त्यांनी शेतमजुरी केली. गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीत प्रवेश मिळविताना बोरिस कार्लॉफ हे नाव धारण केले. कार्लॉफ हे आडनाव मातृकुळातील असल्याचे ते सांगत. मात्र वंशावळीत त्याला आधार सापडलेला नाही. घराण्याची अब्रू जाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असावा. कायद्याने त्यांनी नाव कधीच बदलले नाही. अखेरपर्यंत ते विल्यम हेन्री प्रॅटच राहिले. हॉलिवूडमध्ये मूकपटांच्या जमान्यात त्यांच्या वाट्याला अरब, मेक्सिकन, अमेरिकेतील मूलनिवासी अशा भूमिका येत. वर्ण सावळा म्हणून ही कामे मिळत आणि वर्ण सावळा म्हणूनच नायकाचे काम कधी मिळत नसे. कामे नसत तेव्हा ते मालमोटार चालवीत, ओझी उचलीत.

१९३१ च्या फेब्रुवारीत बेला लुगोसी यांच्या 'ड्रॅक्युला'ने युनिव्हर्सलला मोठे यश मिळवून दिले होते. मंदीच्या खाईत सापडलेल्या या संस्थेने लगोलग मेरी शेली यांच्या १८१८ मधील कादंबरीवर चित्रपट काढण्याचे ठरविले. राक्षसाचे काम प्रथम लुगोसी यांच्याकडेच जाणार होते, पण तो योग जुळला नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांची नजर संस्थेच्या उपाहारगृहात बसलेल्या कार्लॉफ यांच्या हाडकुळ्या चेहऱ्यावर पडली आणि निर्णय झाला. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढलेल्या आणि जर्मनांच्या कैदेत राहिलेल्या व्हेल यांना छिन्नविच्छिन्न देहांचे दुःख पुस्तकांतून शिकण्याची गरज नव्हती.

रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी या चेहऱ्यावर केलेले काम हा चित्रपटकलेच्या इतिहासातील एक स्वतंत्र अध्याय आहे. कापूस आणि कलोडियन यांचे थरावर थर चढवून कपाळ उंच व माथा सपाट केला जाई. विजेचा प्रवाह आत सोडण्यासाठी म्हणून मानेच्या दोन्ही बाजूंना धातूचे खुंट बसविले जात. करड्या-हिरवट रंगाचा लेप दिल्यावर कृष्णधवल चित्रफितीवर त्वचा प्रेतवत् दिसे. रोज सुमारे चार तास ही तयारी चाले. पण या मुखवट्यात नटाचाही वाटा होता. कार्लॉफ यांनी आपल्या दातांची कवळी काढून ठेवली, त्यामुळे एका बाजूचा गाल खोल गेला. डोळे फार जिवंत दिसतात, आताच जन्मलेल्या जीवाला इतकी समज शोभणार नाही, असे त्यांना वाटले. तेव्हा पियर्स यांनी पापण्यांवर मेण चढवून त्या जड केल्या.

राक्षसाचा पडद्यावरील प्रवेश आजही पाहण्यासारखा आहे. दार उघडते, तो पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो आणि कॅमेरा एकामागून एक अशा तुटक झेपांनी त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. पार्श्वसंगीत नाही. त्यानंतर लगेचच जे घडते ते अधिक महत्त्वाचे. शास्त्रज्ञ छताचा झरोका उघडतो, वरून उजेड येतो आणि हा प्रचंड देह दोन्ही हात वर करून तो उजेड पकडू पाहतो. झरोका बंद होतो. रिकामे हात पुढे करून तो आपल्या निर्मात्याकडे पाहतो. एक शब्दही न बोलता कार्लॉफ यांनी येथे भयानक रसातून करुण रस उभा केला आहे. आपल्या नाट्यशास्त्राने या दोन रसांची घरे वेगळी मांडली असली तरी हे दृश्य पाहताना त्यांच्यातील भिंत कोठे आहे ते सांगता येत नाही.

तळ्याकाठच्या प्रसंगात हेच साधते. एक लहान मुलगी न घाबरता राक्षसाला फुले देते. दोघे मिळून ती पाण्यावर तरंगवितात. फुले संपतात तेव्हा मुलगीही फुलासारखी तरंगेल अशा भोळ्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो भेदरून जातो. या प्रसंगाचे चित्रीकरण कार्लॉफ यांना मनापासून नकोसे झाले होते. पुढे अनेक ठिकाणी कात्री लागून मुलीला फेकल्याचा भाग वगळला गेला आणि तिच्याकडे झेपावणाऱ्या हातांवर दृश्य तुटू लागले. परिणाम उलटा झाला: अजाणतेपणी घडलेला अपघात नाहीसा होऊन प्रेक्षकांच्या मनात भलत्याच दुष्कृत्याचा संशय उरला. वगळलेला भाग परत जोडला जाण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वृत्तांचा अनुवाद करताना निर्मात्यावरच उलटलेल्या निर्मितीसाठी इंग्रजीत 'फ्रँकेन्स्टाइन' असा उल्लेख आला की मराठीत आपण सहसा 'भस्मासुर' लिहितो. शब्द चपखल वाटतो, पण तो या राक्षसावर अन्याय करणारा आहे. फ्रँकेन्स्टाइन हे मुळात शास्त्रज्ञाचे नाव. त्याच्या निर्मितीला नावच नाही. शिवाय भस्मासुराने वर मागून घेतला होता आणि तो वर देणाऱ्यावरच उलटला. या बिचाऱ्याने जन्मसुद्धा मागितला नव्हता.

यशाबरोबर कामांची रीघ लागली. १९३२ मध्ये 'द ममी'तील इम्होतेप आणि 'द ओल्ड डार्क हाउस', १९३४ मध्ये लुगोसी यांच्यासह 'द ब्लॅक कॅट', १९३५ मध्ये 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. या शेवटच्या चित्रपटात राक्षस बोलू लागतो. कार्लॉफ यांचा त्याला विरोध होता. मुकेपणातच त्या पात्राचे सामर्थ्य आहे, असे त्यांचे मत होते. अंध साधूच्या झोपडीतील प्रसंग पाहिल्यावर मात्र त्यांचे मत पूर्णपणे बरोबर होते असे म्हणवत नाही.

१९३३ मध्ये एका चित्रपटाच्या निमित्ताने ते सुमारे चोवीस वर्षांनी इंग्लंडला परतले. प्रतिष्ठित पदांवरील बंधू आपल्याला नाटक्या म्हणून झिडकारतील, ही भीती त्यांच्या मनात होती. छायाचित्रकार आले तेव्हा कोणी कोठे उभे राहावे यावरून ते पोक्त बंधूच आपसांत हुज्जत घालू लागले, अशी हकीकत सांगितली जाते.

'फ्रँकेन्स्टाइन'च्या वेळचे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंतचे कष्ट ते विसरले नाहीत. १९३३ मध्ये नटांची संघटना 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' स्थापन झाली तेव्हा तिच्या आरंभीच्या सभासदांत त्यांचा क्रमांक नववा होता. निर्मितीसंस्थांचा रोष ओढवून घेण्याची ही गोष्ट होती. अशा सभासदत्वाने मिळणारी कामे बंद होण्याचा धोका असे. एरवी हा गृहस्थ अत्यंत मृदू स्वभावाचा होता. बागकाम आणि क्रिकेट हे त्यांचे छंद. हॉलिवूड क्रिकेट क्लबच्या सामन्यांत ते यष्टिरक्षण करीत.

भयपटांची लाट १९३६ नंतर ओसरली होती. १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहाने 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा लावले आणि तिकिटांसाठी रांगा लागल्या. जुन्या भयपटांची ओढ कशी टिकून राहते, याचा तो पहिला मोठा दाखला म्हणावा लागेल. युनिव्हर्सलने तातडीने 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला. राक्षसाच्या भूमिकेतील कार्लॉफ यांचा हा तिसरा आणि अखेरचा चित्रपट १९३९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण सुरू असतानाच, त्यांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी, त्यांना कन्यारत्न झाले. दुसरा दाखला १९५७ चा. त्या वर्षी युनिव्हर्सलचे जुने भयपट अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना विकण्यात आले आणि त्यांच्या जन्माआधी निघालेले हे चित्रपट मुलांनी घरी बसून पाहिले. मुलांची पत्रे कार्लॉफ यांच्याकडे येत. त्यांना राक्षसाची भीती वाटण्याऐवजी कणव येते, याचे त्यांना फार समाधान होते.

रंगभूमीवरही त्यांनी स्वतःच्या प्रतिमेची गंमत केली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात त्यांनी ज्या खुन्याची भूमिका केली, त्याचा चेहरा बोरिस कार्लॉफसारखा दिसतो म्हणून तो चिडत असतो. १९५० मध्ये 'पीटर पॅन'मध्ये ते कॅप्टन हुक झाले. १९६६ मध्ये 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' या व्यंगचित्रपटाचे निवेदन केले, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेला मुलांसाठीच्या विभागात ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ऐंशीच्या घरात त्यांना श्वसनाचा विकार जडला होता, पायांना आधारपट्टे लावावे लागत, तरी काम थांबले नाही. १९६८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'टार्गेट्स' या पीटर बोगदानोविच यांच्या पहिल्याच चित्रपटात त्यांनी निवृत्त होऊ पाहणाऱ्या वृद्ध भयपटनटाचे काम केले. वर्तमानपत्रांतील हत्याकांडांच्या बातम्यांपुढे आपल्या मुखवट्यांना आता कोण भिणार, हा प्रश्न त्या नटाला छळत असतो. त्याच वर्षी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या होत्या.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात मिडहर्स्ट येथील रुग्णालयात वयाच्या ८१ व्या वर्षी कार्लॉफ यांचे निधन झाले. १९९१ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन'चा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश करण्यात आला. १९९७ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने जुन्या भयपटांतील पात्रांवर पाच तिकिटे काढली. त्यांतील दोन तिकिटांवर, एकदा राक्षस आणि एकदा ममी म्हणून, कार्लॉफ यांचाच चेहरा होता. २०२५ मध्ये गिलेर्मो देल तोरो यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल चर्चला नटांचे चर्च म्हणतात. तेथे कार्लॉफ यांच्या स्मरणार्थ लावलेली पाटी आजही पाहावयास मिळते.