ठिणगीवाला बॉश

तुमच्या घरी बाबांची जुनी मारुती 800 आहे का? डिसेंबरच्या थंडीत दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय न उठणारी, बर्डीच्या सिग्नलला मिसिंग करणारी? मेकॅनिक भाऊ बोनेट उघडतो, बोटभर लांबीचा प्लग काढतो, घासतो, परत लावतो. गाडी सुरू! त्या प्लगवर बऱ्याचदा एक नाव असतं : बॉश. ते नुसतं कंपनीचं नाव नाही बरं. तो एक माणूस होता.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीत, उल्मजवळच्या आल्बेक गावात झाला. बारा भावंडांत अकरावे. वडिलांची शेती आणि खानावळ. शिक्षण म्हणाल तर कारागिराच्या हाताखाली उमेदवारी. मग अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत आणि इंग्लंडमध्ये सीमेन्समध्ये काम. 1886 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी स्टुटगार्टला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. स्टाफ किती? एक कारागीर आणि एक पोऱ्या!

सुरुवातीची वर्षं कर्जात गेली. पडेल ते विजेचं काम घ्यायचं, सायकल मारत ग्राहकांकडे जायचं. 1887 मध्ये एका गिऱ्हाइकासाठी त्यांनी इंजिनात ठिणगी पाडणारं मॅग्नेटो यंत्र बनवलं. मूळ कल्पना दुसऱ्यांची होती. बॉश यांनी ती सुधारली. 1897 मध्ये ते यंत्र गाडीच्या इंजिनावर बसलं. पण ठिणगी पाडणारे हलते भाग सिलिंडरच्या आतच असायचे आणि झिजायचे. यावर उत्तर शोधलं त्यांच्याकडचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी. 1902 चं त्यांचं हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आलं आणि सिलिंडरच्या आत हलतं काहीच उरलं नाही. उरला फक्त स्पार्क प्लग.

म्हणजे प्लगचा शोध बॉश यांनी लावलेला नाही. फ्रान्समधल्या लेन्वार यांच्या 1860 च्या इंजिनातही ठिणगी होतीच. बॉश यांनी ती भरवशाची केली. आपल्या नावाचा माल कुणी तपासला आणि तो कच्चा निघाला, हा विचारच त्यांना सहन व्हायचा नाही. कामगारांना 1906 मध्येच आठ तासांची पाळी दिली.

पण गोष्ट इतकी गुळगुळीत नाही. हिटलरच्या काळात बॉश यांनी ज्यूंना मदत केली, विरोधकांना आसरा दिला. त्याच वेळी त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवत होते, वेठीला धरलेले मजूर तिथे राबत होते. 12 मार्च 1942 रोजी ते गेले, तेव्हा अंत्यसंस्कार नाझी सरकारनेच सरकारी इतमामात केले. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

भारतात त्यांचा माल 1922 पासून कलकत्त्यात विकला जाऊ लागला. 1951 मध्ये बंगळुरूला मायको कंपनी उभी राहिली, पुढे आपल्या नाशिकलाही कारखाना आला. जुने मेकॅनिक आजही ‘मायकोचा प्लग’ म्हणतात, तो हाच.

आता तुमच्या गाडीकडे या. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा आणि टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर मस्त. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय, नुसता प्लग बदलून भागणार नाही. पांढराफटक आणि फोड आलेला असेल, तर इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय. आपल्या मे महिन्यात हे अंगावर काढू नका.

नवा घेताना मॅन्युअलमधलाच नंबर मागा. बॉशच्या नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग ‘गरम’, एनजीकेमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे आकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा उचलू नका. गॅप तपासा. आटे आधी हातानेच बसवा, पाना नंतर. आणि गाडी बंद पडायची वाट न बघता, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला प्लग बदलून टाका.

सायकलवर फिरणाऱ्या त्या माणसाने आयुष्यभर हेच तर केलं : माल बिघडायच्या आधी तपासला. बाबांच्या गाडीसाठी एक रविवार तुम्हीही काढाच!